वाटी घट्ट आहे, मग काढायची कशाला?

काही वर्षांपूर्वी खुब्याचा सांधा बदललेला असतो. आता एक्स-रे पाहून एक डॉक्टर म्हणतात, ‘आतलं प्लास्टिक झिजलंय, तेवढंच बदलू.’ दुसरे म्हणतात, ‘उघडतोच आहोत, तर सगळंच नवं टाकू.’ तिसरे सांगतात, ‘वाटी पक्की बसली आहे, पण काढावी लागेल.’ पेशंट एक आणि एक्स-रेही तोच, तरी तीन सल्ले. खुब्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेबद्दल, म्हणजे रिव्हिजनबद्दल, वाचकांकडून येणारे बरेचसे प्रश्न या गोंधळातूनच निघतात.

सैल झालेली वाटी काढायला फारसे कष्ट पडत नाहीत. ती हाडापासून आधीच सुटलेली असते. अवघड असते ती पक्की बसलेली, कारण तिच्या खडबडीत पाठीत तुमचं हाड वाढलेलं असतं आणि वाटी काढताना थोडं हाडही जातं. गेलेलं हाड परत येत नाही. म्हणून ‘काढायची की ठेवायची’ हा निर्णय ‘जुनं काढून नवं घालू’ इतक्या सहजपणे घेऊ नये. आणि ‘घट्ट आहे ना, मग हात कशाला लावायचा’ असं म्हणून सोडूनही देऊ नये. घट्ट वाटी काढण्यासाठी ठोस कारण हवं आणि ते तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

आधी पाहा: तुमच्या खुब्यात वाटी आहे का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण विचारावा लागतो. ‘आईचा बॉल बदलला’ असं घरोघरी म्हणतात. पडून मांडीच्या हाडाची मान मोडली, की वयस्क पेशंटमध्ये अनेकदा फक्त बॉल आणि त्याचा दांडा बसवतात. कमरेच्या हाडातली मूळ खोबण तशीच राहते. अशा पेशंटला काढायला वाटी नसतेच. हा लेख आहे पूर्ण सांधा बदललेल्यांसाठी. त्यांच्या खुब्यात चार भाग असतात: कमरेच्या हाडात बसवलेली धातूची वाटी, तिच्या आत लायनर, लायनरमध्ये फिरणारा बॉल आणि मांडीच्या हाडात गेलेला स्टेम. लायनर बहुधा पॉलिथिलीनचं, काही वेळा सिरॅमिकचं असतं. आजकाल वाटी बहुतेकदा सिमेंटविना ठोकून बसवतात, गरज वाटल्यास दोन-तीन स्क्रू मारतात.

काहींची वाटी मात्र पूर्ण प्लास्टिकची आणि सिमेंटने चिकटवलेली असते. ती काढण्याची पद्धत वेगळी. प्लास्टिक कापून किंवा घासून आधी बाहेर काढतात, मग सिमेंट तुकड्या-तुकड्याने. खाली जे येतं ते मुख्यतः सिमेंटविना बसवलेल्या धातूच्या वाटीबद्दल आहे.

जुने कागद शोधा

रिव्हिजनची तयारी कपाट उघडण्यापासून सुरू होते. हे हवं:

- पहिल्या शस्त्रक्रियेची ऑपरेशन नोट. डिस्चार्ज कार्डात इम्प्लांटचा तपशील पुरेसा नसतो.
- इम्प्लांटचे स्टिकर. प्रत्येक भागाच्या खोक्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं आणि ते केस पेपरला चिकटवायचं असतं.
- त्या शस्त्रक्रियेनंतर काढलेला पहिला एक्स-रे आणि मधल्या काळातले जितके मिळतील तितके.

कागद हरवले असतील तर त्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज करा. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार डॉक्टरने रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. तीन वर्षांहून जुनी नोंद मिळण्याची खात्री नसते, तरीही मागा, अनेक रुग्णालयं त्याहून जास्त काळ ठेवतात. काहीच हाती लागलं नाही, तर अनुभवी सर्जन एक्स-रेवरून बऱ्याचदा वाटीची बनावट ओळखतात. पण आतलं माप आणि लायनर अडकवण्याची पद्धत स्टिकरवरूनच नक्की कळते. वाटी ठेवता येईल की नाही, हे पुष्कळदा त्या एवढ्याशा स्टिकरवर ठरतं.

घट्ट वाटी कोणत्या कारणांनी काढतात

जंतुसंसर्ग. सगळ्यात पक्कं कारण हे. जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, त्या थरात प्रतिजैविकं नीट पोचत नाहीत. वाटी कितीही मजबूत असली तरी मग ती काढावी लागते, आणि स्टेमही. अपवाद ताज्या संसर्गाचा: शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झालेला, किंवा शरीरात दुसरीकडून अचानक आलेला आणि लक्षणं दिसून थोडेच दिवस झालेला. अशा वेळी सांधा उघडून धुणं, लायनर व बॉल बदलणं आणि पक्के भाग ठेवणं, एवढ्याने भागू शकतं. जुना संसर्ग असेल तर काही सर्जन एकाच बैठकीत सगळं काढून नवं बसवतात. काही दोन टप्प्यांत करतात. पहिल्या टप्प्यात सांधा काढून प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता स्पेसर ठेवतात, काही आठवडे औषधं देतात आणि संसर्ग गेला असं वाटलं की दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा बसवतात.

इथे एक चूक वारंवार होते. खुबा दुखतो, थोडा ताप येतो, म्हणून जवळच्या डॉक्टरकडून पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स घेतला जातो. मग सांध्यातलं पाणी तपासायला पाठवलं की जंतू उगवतच नाहीत आणि अहवाल ‘निर्दोष’ येतो. सांध्यातलं पाणी काढेपर्यंत अँटिबायोटिक स्वतःहून सुरू करू नका. सुरू असेल तर सर्जनला सांगा, तब्येत परवानगी देत असेल तर ते दोनेक आठवडे थांबवून मग तपासणी करतात. तुमचं कारण झीज असो वा निखळणं, रिव्हिजनआधी ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या झाल्याच पाहिजेत. त्यात शंका आली तर सांध्यातलं पाणी तपासायचं.

वाटीचा कल चुकलेला असणं. सांधा पुन्हा पुन्हा निखळत असेल आणि सीटी स्कॅनमध्ये वाटी फार उभी किंवा मागे वळलेली दिसली, तर लायनर बदलून भागत नाही. उलट कल ठीक असूनही सांधा निखळत असेल, तर दोष स्नायूंत, स्टेममध्ये किंवा ताठर झालेल्या पाठीच्या कण्यात असू शकतो. अशा वेळी वाटी काढली तर हाड जाईल आणि निखळणं तसंच राहील. म्हणून ‘वाटी चुकीची बसली आहे’ असं कोणी म्हणालं, तर ते कोणत्या तपासणीवरून, हे विचारा.

धातूवर धातू घासणारा सांधा. काही मॉडेलमध्ये वाटी एकसंध कोबाल्ट-क्रोमची असते, आत लायनर नसतंच, त्यामुळे ‘फक्त लायनर बदला’ हा पर्यायच उरत नाही. याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

वाटी किंवा तिची खाच खराब होणं. लायनर पूर्ण झिजून बॉल थेट धातूवर घासला असेल, किंवा लायनर अडकवण्याची खाच मोडली असेल. सिरॅमिक फुटलं असेल तर तुकडे आणि त्यांची पूड शक्य तितकी साफ करावी लागते आणि त्यानंतर धातूचा बॉल बसवू नये. उरलेले कण धातूला सँडपेपरसारखे घासतात, कोबाल्ट रक्तात उतरतं आणि काही पेशंटमध्ये त्याने हृदयाला व नजरेला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

लायनर न मिळणं किंवा वाटी फार लहान असणं. कंपनीने मॉडेल बंद केलं की त्या मापाचं लायनर मिळत नाही. मात्र एवढ्यावरून वाटी काढण्याचा निर्णय घाईचा ठरेल. का, ते पुढे.

‘पुन्हा उघडतोच आहोत तर सगळंच बदलू’ हे या यादीत नाही. ते कारण नव्हे. असा सल्ला मिळाला तर दुसरं मत जरूर घ्या.

ठेवता येत असेल तर दोन मार्ग

पहिला म्हणजे फक्त लायनर आणि बॉल बदलणं. वाटी पक्की, तिचा कल योग्य, खाच शाबूत आणि लायनर उपलब्ध असेल तर हा मार्ग सरस. वाटीमागे हाड खाल्लं गेल्याने पोकळ्या झाल्या असतील, तर स्क्रूच्या भोकांतून किंवा कडेने त्यात हाडाची भर घालता येते. तोटा एकच, पण लक्षात ठेवण्याजोगा: या शस्त्रक्रियेनंतर सांधा निखळण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. ‘छोटं ऑपरेशन आहे’ म्हणून सावधगिरी सैल करू नका. शक्य असेल तर सर्जन आधीपेक्षा मोठा बॉल वापरतात.

दुसरा मार्ग: जुन्या वाटीत नवं लायनर सिमेंटने चिकटवणं. मूळ कंपनीचं लायनर मिळत नसेल किंवा खाच मोडली असेल तेव्हा हा उपयोगी पडतो. त्यासाठी वाटीत लायनर आणि सिमेंटचा थर, दोन्हींना पुरेशी जागा हवी. वारंवार निखळणाऱ्या सांध्यात याच पद्धतीने ड्युअल मोबिलिटी प्रकारचं लायनर बसवता येतं, ज्यात लहान बॉल मोठ्या बॉलमध्ये फिरतो. वाटीचा कल फारच चुकलेला असेल तर मात्र सिमेंटने तो झाकला जात नाही.

आणखी एक धोका: लायनरची झीज आणि हाडाचं खाल्लं जाणं पुष्कळ काळ दुखत नाही. दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षं एक्स-रे न काढणारे पेशंट अनेकदा तेव्हा येतात, जेव्हा लायनर फाटून वाटीच झिजलेली असते आणि सोपा मार्ग हातचा गेलेला असतो.

काढायची ठरली तर टेबलावर काय होतं

हे कळलेलं बरं, म्हणजे तुमचे प्रश्न नेमके होतील.

आधी बॉल निखळवून काढतात. स्टेम चांगला असेल तर तो राहतो, मात्र त्याच्या टोकाला ओरखडा जाऊ नये म्हणून ते झाकून बाजूला सारावं लागतं. मग लायनर, मग स्क्रू. स्क्रू ही किरकोळ वाटणारी गोष्ट इथे तास खाते. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचं डोकं वेगळं. योग्य पेचकस नसला की डोकं घासलं जातं आणि मग धातू कापणाऱ्या यंत्राने ते उडवावं लागतं.

त्यानंतर खरं काम. पूर्वी वाकड्या छिन्न्या वाटीच्या कडेने ठोकत नेत आणि शेवटी वाटी हिसकून काढत. त्यात हाडाचे मोठे लचके येत, कधी खोबणीची भिंतच मोडे. आता खास उपकरण मिळतं. त्यात वाटीच्या बाहेरच्या गोलाईशी जुळणारं वाकडं पातं असतं आणि वाटीच्या मध्यावर टेकणारा एक गोळा. आधी आखूड पातं कडेभोवती फिरवतात, नंतर लांब पातं तळापर्यंत. करवंटीतून खोबऱ्याची वाटी अख्खी सोडवायला सुरी जशी मधून फिरवतात, तसंच. मध्यबिंदू नीट साधावा म्हणून बऱ्याचदा लायनर किंवा त्याच मापाचं तात्पुरतं लायनर पुन्हा आत बसवून मग पातं फिरवतात. नीट जमलं तर वाटीच्या पाठीवर हाडाचा पातळ थरच येतो आणि नवी वाटी जुनीपेक्षा काही मिलिमीटरच मोठी लागते.

हे उपकरण चालण्यासाठी वाटीचं बाहेरचं माप माहीत असावं लागतं. पात्याचं माप चुकलं तर ते धातूत रुततं किंवा हाडात भरकटतं. पुन्हा त्या स्टिकरचीच गरज! अर्धगोलापेक्षा उथळ वाट्या आणि हाड फारच आत वाढू देणारे नवे सच्छिद्र धातू यांत काम जास्त कठीण जातं. काही वेळा वाटी कापून तुकड्यांनी काढावी लागते.

सगळ्यात गंभीर धोके दोन. घाईत किंवा जोर लावून हलवताना कमरेचं हाड तडकणं, आणि वाटी किंवा स्क्रू ओटीपोटाच्या आत घुसले असतील तर तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीला इजा होणं. एक्स-रेमध्ये धातू आतल्या रेषेपलीकडे दिसत असेल, तर आधी रक्तवाहिन्यांसह सीटी स्कॅन आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन हाताशी असणं, या दोन्हींचा आग्रह धरा.

सर्जनना विचारायचे प्रश्न

- माझी वाटी काढायचं कारण काय? ठेवली तर काय होईल?
- संसर्ग नाही हे कशावरून ठरवलं?
- माझ्या मॉडेलचं लायनर मिळतंय का? कंपनीकडे चौकशी केली आहे का?
- वाटी काढण्याचं उपकरण रुग्णालयाचं आहे की त्या दिवशी येणार? माझ्या वाटीच्या मापाची पाती आणि स्क्रूचे पेचकस त्यात आहेत का? अनेक ठिकाणी हे साहित्य कंपनीचा माणूस ऑपरेशनच्या दिवशी घेऊन येतो, म्हणून हा प्रश्न विचारायला लाजू नका.
- हाड अपेक्षेपेक्षा जास्त गेलं तर काय वापरणार? मोठी वाटी, धातूची ठिगळं, पिंजरा, हाडपेढीचं हाड, यातलं काय तयार ठेवलं आहे?
- तुम्ही अशी रिव्हिजन नियमित करता का?

शेवटचा प्रश्न उद्धट वाटतो. रिव्हिजन नेहमी करणारे सर्जन त्यावर रागावत नाहीत, आणि कमी करणारे प्रामाणिक सर्जन स्वतःच दुसऱ्याचं नाव सुचवतात.

संमतीपत्रात दोन्ही शक्यता लिहून घ्या

वाटी ठेवायची की काढायची, याचा अंतिम निर्णय बऱ्याचदा सांधा उघडल्यावरच होतो. एक्स-रेत पक्की दिसलेली वाटी हलवल्यावर सैल निघते, शाबूत वाटलेली खाच मोडकी असते. पण तुम्ही भुलीखाली असताना तुम्हाला विचारता येत नाही. एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला आपोआप लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली स्पष्ट केलं. जीव वाचवण्याची निकड हा त्याला अपवाद. म्हणून ‘लायनर बदल, गरज पडल्यास वाटी काढून नवी बसवणे, गरज पडल्यास स्टेम बदल’ असं तुम्हाला कळणाऱ्या भाषेत लिहिलेलं असावं. ‘हिप सर्जरी’ एवढ्यावर सही करू नका. कॅशलेस विमा असेल तर मंजुरीच्या अर्जातही दोन्ही पर्यायांचा खर्च दाखवायला सांगा. फक्त लायनरचा आकडा मंजूर झाला आणि टेबलावर वाटी बदलली, की फरक तुमच्या खिशातून जातो.

एएसआर बसवला असेल तर

डेप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवला गेला होता, आणि कंपनीविरुद्ध पहिली पावलं उचलणाऱ्यांत महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन होतं. तुमच्या स्टिकरवर हे नाव असेल तर दुखत नसलं तरी दाखवा. रक्तातलं कोबाल्ट व क्रोमियम आणि धातूसाठी जुळवून घेतलेला एमआरआय किंवा सोनोग्राफी, या तपासण्या होतात. ब्रिटनच्या नियामकाने २०१०मध्ये लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही सावध होण्याची पातळी सांगितली. त्याखाली असलात तरी सांध्याभोवती गाठ वाढत असू शकते, त्यामुळे फक्त आकड्यावर विसंबू नका. केंद्राच्या समितीने २०१८मध्ये भरपाईचं सूत्र ठरवलं, त्यात रक्कम ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत होती. त्यावरून वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मागणी करताना रिव्हिजनची ऑपरेशन नोट आणि स्टिकर हेच मुख्य पुरावे.

खर्चासाठी

गुडघ्याच्या इम्प्लांटवर २०१७मध्ये केंद्राने कमाल किंमत लावली, खुब्याला तेव्हा ती लागू झाली नाही. म्हणून प्रत्येक भागाची किंमत वेगळी दाखवणारं लेखी अंदाजपत्रक मागा आणि बिलाशी खोक्यावरची एमआरपी ताडून पाहा.

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमच्या रिव्हिजनचं पॅकेज कोणत्या रुग्णालयात मिळतं, ते दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर विचारा.
- धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखायच्या असतात. कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. इम्प्लांट या सवलतीत कितपत बसतं, हे समाजसेवा अधिकाऱ्याकडून आधीच लेखी घ्या, नाहीतर ऐनवेळी खाट मोफत आणि इम्प्लांट विकत, असं होतं.

घरी आल्यावर

नव्या वाटीला हाड किती मिळालं, त्यावर पायावर भार कधी टाकायचा हे ठरतं. शेजारचे काका पहिल्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी चालले, म्हणून तुम्हीही चालाल असं नाही. काहींना सहा ते बारा आठवडे अर्धाच भार देतात. उकिडवं बसणं, मांडी घालणं, खालचा पाट, भारतीय शौचालय यांबद्दल सर्जन परवानगी देईपर्यंत थांबा, आणि कमोड व उंच खुर्ची दाखल होण्याआधी घरी आणून ठेवा. जखमेतून पाणी येत राहिलं तर घरी ड्रेसिंग बदलत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

काढलेली वाटी कोणाकडे जाते?

न सांगितलं तर कचऱ्यात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत धातूच्या इम्प्लांटसाठी निळ्या खुणेचं खोकं ठरलेलं आहे. इम्प्लांटच्या दोषाची शंका असेल, तर शस्त्रक्रियेआधीच लेखी कळवा की काढलेले भाग निर्जंतुक करून, लेबल लावून जपावेत, त्यांचे फोटो काढावेत आणि कंपनीच्या प्रतिनिधीकडे परस्पर देऊ नयेत. संसर्गाची शंका असेल तर सांध्याभोवतालच्या ऊतींचे पाच-सहा नमुने कल्चरला गेले की नाही आणि ते दोन आठवडे ठेवणार का, हेही विचारा.

इम्प्लांट सदोष वाटलं तर भारताच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे पेशंट स्वतः कळवू शकतो, टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. तिथे भरपाई मिळत नाही, पण नोंद होते. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आणि नव्या वाटीचं स्टिकर डिस्चार्जच्या दिवशी मागून घ्या, मोबाइलवर फोटो काढून घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा.